मीटरचा भाव नको, कुर्त्याचा भाव काढा : घरी शिवणाऱ्यांसाठी लिननची माहिती

मार्च लागला की आमच्या काउंटरवर रोज एकच मागणी, लिनन दाखवा आणि स्वस्तातलं दाखवा. दोन्ही एकत्र जमतं, पण जमवायला थोडी माहिती लागते आणि संध्याकाळच्या गर्दीत ती नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद छापलाय. आमच्याकडे कापड घ्या न घ्या, कागद घेऊन जा, दुसऱ्या दुकानात पण कामाला येईल.

आधी महाग का ते सांगतो. लिनन जवसापासून होतं, हो तेच जवस ज्याची आपण चटणी करतो. मग विदर्भात जवस पिकतं तर कापड एवढं महाग का, असं बऱ्याच जणी विचारतात. आपल्याकडचं जवस बी आणि तेलासाठी लावतात, ते झाड बुटकं असतं, त्याला फांद्या फुटतात. धाग्याचं जवस वेगळ्या वाणाचं, दाट पेरलेलं, सरळसोट वाढणारं, आणि ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे देठातला तंतू पूर्ण लांबीचा मिळतो. हे पीक मुख्यतः फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याकडे, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये होतं. उपटलेले देठ तिथे आठवडेच्या आठवडे शेतातच दव-पावसात पसरून ठेवतात, देठ जरा कुजला की तंतू सुटा होतो. पुढे बारीक सूत कातताना ते ओलं ठेवावं लागतं नाहीतर तुटतं. आपल्या देशात कोलकात्याजवळ रिश्र्याला जयश्री टेक्सटाईल्सची मोठी जुनी लिनन गिरणी आहे, पण तंतू बाहेरूनच येतो. बरंच सूत तयारच आयात होतं. त्यामुळे युरोपात पीक कमी आलं की भाव इथे चढतो, दुकानदाराच्या हातात फार काही नसतं. म्हणून कुणी प्युअर लिनन साध्या सुती कापडाच्या भावात देतोय म्हटलं की आधी शंका घ्यायची, आनंद नंतर.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण मीटरचा भाव विचारतात आणि तिथेच फसतात, कारण खरा खेळ पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या इंचातल्या रुंदीचा आहे. समजा एक लिनन 36 पन्ह्याचं 360 रुपये मीटर आणि दुसरं 58 पन्ह्याचं 500 रुपये मीटर. बघताक्षणी पहिलं स्वस्त वाटतं. पण 42 इंच लांबीचा, पाऊण बाह्यांचा, साध्या घेराचा कुर्ता घ्या. 58 पन्ह्यात पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी बसतो, म्हणजे शिलाई-दुमडीचे 3 इंच धरून 45 इंचात दोन्ही निघाले, खाली 18 इंचात बाह्या, झाले 63 इंच, आटण्याचं धरून 1.8 मीटर पुरे. खर्च 900 रुपये. 36 पन्ह्यात पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, बाह्या वेगळ्या, 45 अधिक 45 अधिक 18, आटण्यासकट 3 मीटर लागतं, खर्च 1080 रुपये आणि वर कडेला लांबच लांब पट्टी उरते जिचं काही होत नाही. 44 पन्ह्यात पुढच्या-मागच्या भागाच्या कडेला उरलेल्या पट्टीत बाह्या बसू शकतात, अडीच मीटरमध्ये काम होतं. छाती 42 च्या वर असेल किंवा घेर जास्त हवा असेल तर हे गणित बदलतं. म्हणून येताना पेपर कटिंग, म्हणजे कागदावर कापलेला कुर्त्याचा नमुना, घेऊन या नाहीतर अंगाला बसणारा जुना कुर्ता आणा, आम्ही काउंटरवरच पसरून किती लागेल ते सांगतो. दहा मिनिटं जातात पण अर्धा मीटर वाचतो.

दुसरी गोष्ट, ली. ताग्यावर 25, 40, 60 ली असं लिहिलेलं असतं. एका पाउंड सुतात 300 वारांच्या जितक्या लड्या निघतात तो आकडा, म्हणजे आकडा मोठा तितकं सूत बारीक. पँट, जॅकेट, पिशवीला 25 ली ठीक. कुर्ता, ढगळ शर्ट, मुलांचे कपडे याला 40 ली. ऑफिसच्या शर्टाला, फाइन दिसणाऱ्या टॉपला 60 ली, आणि त्याच्या वरचं साड्या-दुपट्ट्यांचं. शोरूममध्ये 60 च्या खाली कुणी बोलत नाही, पण आमचं मत विचाराल तर घरी पहिल्यांदा लिनन शिवणाऱ्याने 40 च घ्यावं. भाव कमी, हातात घट्ट बसतं, कापताना सरकत नाही, आणि चार धुण्यांनंतर जे मऊ होतं ते 60 पेक्षा काही कमी छान लागत नाही.

खरं लिनन कसं ओळखायचं

बाजारात लिनन लुक, लिनन फील, लिनन टच असे सतरा शब्द चालतात. त्यात लिनन असेलच असं नाही. बहुतेक वेळा ते गाठीगाठीच्या सुताचं सुती कापड असतं नाहीतर पॉलिएस्टर. सुती असेल तर वाईट काही नाही, उन्हाळ्यात छान चालतं, फक्त लिननचा भाव देऊ नका. पॉलिएस्टरवालं मात्र मे महिन्यात अंगावर घालून बघा म्हणजे कळेल.

जाळून बघायची युक्ती सगळ्यांना माहितीये, धागा जाळला आणि कडक काळी गोळी झाली तर पॉलिएस्टर मिसळलंय, कागदासारखा जळून राख झाली तर नाही. इथपर्यंत बरोबर. पण लिनन, कॉटन आणि व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) तिन्ही कागदासारखेच जळतात, त्यामुळे राख झाली म्हणजे लिनन असं धरून बसू नका. त्यापेक्षा कापडाच्या कडेचा एक धागा काढा, त्याचा पीळ उलटा फिरवून सोडवा आणि हळू ओढा. कॉटनचे तंतू आखूड, दोन-तीन सेंटिमीटरचे, धागा चटकन सुटतो आणि टोकाला कापसासारखी लव दिसते. लिननचा धागा जोर लावल्याशिवाय तुटत नाही, तुटल्यावर टोकाला लांब, सरळ, जरा चमकणारे तंतू दिसतात. आणि मुठीत कापड पाच सेकंद आवळून सोडा, लिननला पडणारी चुणी टोकदार असते आणि तशीच राहते. चुणी पडतच नसेल तर मिश्रण आहे किंवा वर फिनिश दिलंय.

खळीकडे पण लक्ष ठेवा. विरळ कापडाला खळ देऊन जाड दाखवतात. कोपरा दोन बोटांत धरून चोळा, पांढरी पूड निघाली किंवा कापड एकदम लुळं पडलं तर समजायचं. आमच्याकडे चोळायला कुणी ना म्हणणार नाही, दुसरीकडे ना म्हटलं तर ते पण उत्तरच आहे. बिलावर प्युअर लिनन की लिनन कॉटन ते लिहून घ्यायची सवय ठेवा.

स्वस्त कुठे आणि कधी मिळतं

कटपीस. याच्याइतकं स्वस्त काही नाही. शर्ट-पँटच्या ताग्याचं शेवटी जे दीड-दोन मीटर उरतं ते शोरूमला नको असतं कारण त्यात पुरुषाचा फुल शर्ट बसतोच असं नाही, पण बिनबाह्यांचा टॉप, शॉर्ट कुर्ती, मुलाचा झब्बा आरामात बसतो. कटपीस घेताना पूर्ण उलगडून उजेडाकडे धरा. धागा सुटलेली रेघ, तेलाचा डाग, छोटं भोक बघा, आणि घडीची रेघ खास बघा. गडद रंगाचं लिनन वर्षभर एकाच घडीवर पडून राहिलं की घडीवर रंग फिका पडतो आणि ती रेघ धुऊन इस्त्री करून पण जात नाही. मात्र ती रेघ कुठे आहे हे माहिती असेल तर कटिंग तसं बसवता येतं, आणि भाव पाडून घेता येतो.

साडी. हे फार जणांना सुचत नाही. भागलपूरकडून येणाऱ्या लिननच्या साड्या सेलमध्ये लागतात तेव्हा हिशोब करून बघा, साडेपाच मीटर कापड आणि वर ब्लाउजपीस, पन्हा 44 च्या आसपास, मीटरला कित्येकदा ताग्याच्या लिननपेक्षा कमी पडतं आणि पदर-काठ फुकट, दोन कुर्ते निघतात, काठ बाह्यांना लावता येतो. पण साडीचं कापड विरळ असतं, अंगाला घट्ट असं काही शिवू नका, शिलाईवर धागे सरकतात, आणि अस्तराचा खर्च धरा. आधी विचारून घ्या की उभा आणि आडवा दोन्ही धागे लिननचे आहेत का, कारण पुष्कळ साड्यांत एक धागा लिनन आणि दुसरा कॉटन असतो.

पडद्याच्या दुकानात लिनन म्हणून जे मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टर. सोडून द्या.

लिनन कॉटन मिश्रण, साधारण 55 ला 45 असतं, ते प्रामाणिकपणे तसं सांगून विकत असतील तर रोजच्या वापराला उत्तम आहे, प्युअरपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि चुण्या जरा कमी. लिनन व्हिस्कोस सुळसुळीत पडतं, फोटोत छान दिसतं, पण ओलं झालं की व्हिस्कोस कमजोर होतं, पिळून धुणाऱ्यांनी घेऊ नये. लिननचं उलटं आहे, ओलं झाल्यावर ते अजून मजबूत होतं.

रंग न दिलेलं, मातकट करड्या रंगाचं लिनन रंगीतपेक्षा स्वस्त पडतं कारण रंगाईचा खर्च वाचतो, आणि खरं सांगायचं तर तोच लिननचा सगळ्यात सुंदर रंग आहे. फक्त कोरं ग्रे कापड घेऊ नका, म्हणजे मागावरून उतरलेलं, प्रोसेस न झालेलं, ते धुतल्यावर किती आटेल याचा नेम नाही.

मुंबईला जाणार असाल तर मंगलदास मार्केटमध्ये मीटरवर कापड मिळतं, घासाघीस चालते, दुपारच्या आत जा. मुळजी जेठा मार्केट होलसेलचं आहे, चार-पाच मैत्रिणी मिळून एक तागा वाटून घेणार असाल तरच तिकडे जाण्यात अर्थ आहे. दोन मीटरसाठी गाडीभाडं आणि अख्खा दिवस घालवलात तर वाचलेले पैसे वडापाव-सरबतात जातात. पुण्यात पाहुणे असतील तर रविवार पेठेत एक चक्कर मारून या. आणि वेळ म्हणाल तर मार्च ते मे सगळ्यांनाच लिनन हवं असतं, त्या वेळी कुणी भाव कमी करत नाही. पाऊस सुरू झाला की उरलेला उन्हाळी माल काढायचा असतो, जून-जुलैत घेऊन ठेवा आणि दिवाळीनंतर शिवा.

रेडिमेडशी तुलना करायची असेल तर एक लक्षात घ्या, कापडावर जीएसटी 5 टक्के आहे, आणि सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांच्या वरच्या तयार कपड्यावर 18 टक्के. प्युअर लिननचा ब्रँडेड कुर्ता त्या रेषेच्या वर सहज जातो.

घरी नेल्यावर

कापायच्या आधी पाण्यातून काढा. हे आम्ही बिलासोबत दहादा सांगतो तरी लोक घाईत कापतात आणि मग कुर्ता गुडघ्यावर आला म्हणून घेऊन येतात. लिनन साधारण 3 ते 5 टक्के आटतं, सैल विणीचं त्याहून जास्त, म्हणजे 45 इंचाला दोन इंच कुठे गेले कळत पण नाही. पुढे कपडा जसा धुणार तसाच आधी धुवा. मशीनमध्ये कोमट पाण्यात धुणार असाल तर कापड पण तसंच काढा. गडद रंग वेगळा भिजवा. पाण्यात मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, गिरणीत रंगवलेल्या कापडाला त्याने काही होत नाही, पहिली दोन-तीन धुणी वेगळी काढणं हाच उपाय. पूर्ण वाळू देऊ नका, जरा दमट असतानाच उलट्या बाजूने कडक इस्त्री करा, वाळून कोळ झालेल्या लिननवर इस्त्री फिरवून हात दुखतो आणि चुणी तशीच राहते.

मग कड सरळ करा. आम्ही दुकानात लिनन कापताना आडवा एक धागा सुईच्या टोकाने उचलतो आणि हळूहळू ओढत नेतो, धागा निघाला की कापडात बारीक उजळ रेघ दिसते, कात्री त्या रेघेवरून चालवायची. तुम्ही पण घरी असंच करा. टेबलाच्या कडेला धरून अंदाजाने कापलं तर पहिल्या धुण्यानंतर कुर्त्याचा घेर एका बाजूला लटकतो आणि दोष शिलाईला देतात.

शिलाईचं थोडक्यात. धागे सुटतात म्हणून माया, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडलेलं कापड, नेहमीपेक्षा जास्त, पाऊण इंच तरी ठेवा, कापल्या कापल्या इंटरलॉक (कडेचे धागे बांधणारी मशीनची शिलाई) करून घ्या, नसेल तर माया आत दुमडून दुहेरी शिलाई मारा. 40 आणि 60 ली ला 11 किंवा 12 नंबर सुई, जाड 25 ला 14. टाका फार बारीक नको. कॉलर-पट्टीला कॅनव्हास, म्हणजे आतून लावायचं कडक कापड, हलका वापरा.

आमच्या दुकानाचं

कमीत कमी अर्धा मीटर कापून देतो, नमुन्याचा तुकडा फुकट, घरी धुऊन बघा मग घ्या. कापलेलं कापड परत घेत नाही, त्यात फॉल्ट निघाला तर मात्र बदलून देतो, पण धुवायच्या आधी आणा आणि बिल आणा. कटपीसचं टोपलं दारातच डावीकडे असतं, त्यावर चिठ्ठीत लांबी, पन्हा, ली आणि प्युअर की मिक्स ते लिहिलेलं असतं, चिठ्ठी नसेल तर विचारा, अंदाजाने घेऊ नका. शिवणक्लासवाल्या ताईंनी मुलींसाठी एकत्र घेतलं तर भावाचं बघू, फक्त रविवारी संध्याकाळी ती बोलणी नको, तेव्हा पाणी प्यायला पण वेळ नसतो.