बोटांनी ऐकायचं आणि बोटांनीच वाचायचं

बधिरांध, म्हणजे दृष्टी आणि ऐकणं दोन्ही अधू असलेलं मूल म्हटलं की आपल्याला वाटतं पूर्ण काळोख आणि पूर्ण शांतता, पण खरं तर बऱ्याच मुलांना थोडं दिसत असतं किंवा थोडं ऐकू येत असतं, फक्त एकाची कमतरता दुसऱ्याने भरून निघेल इतकं ते नसतं. मग शाळेत बाई काय म्हणाल्या हे कळायला उरतो तो मुख्यतः स्पर्श.

इथे कामाला येतो ब्रेल डिस्प्ले, म्हणजे टाइप केलेला मजकूर बोटांना कळणाऱ्या उठावदार ठिपक्यांत दाखवणारं यंत्र. कीबोर्डएवढी किंवा त्याहून छोटी पट्टी, तिच्यावर ओळीने खण आणि प्रत्येक खणात सहा किंवा आठ बारीक पिना. बऱ्याच डिस्प्लेत प्रत्येक पिनेखाली एक पिझो पट्टी असते, वीज दिली की ती किंचित वाकते आणि पिन वर उचलते, तेही मिलिमीटरपेक्षा कमीच, पण सराव झालेल्या बोटाला तेवढं पुरतं. २० खणांच्या आठ-पिनी डिस्प्लेत अशा १६० पट्ट्या लागतात, म्हणूनच ही वस्तू एवढी महाग, आणि मला हेच सगळ्यात जास्त खटकतं कारण ज्याला गरज आहे त्याच्या घरी ती पोचतच नाही.

मराठीसाठी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी आहे. त्यात मात्रेलाही वेगळा खण लागतो, म्हणजे ‘मला पाणी दे’ एवढ्यालाच मधल्या जागा धरून ११ खण जातात. ओळ संपली की बटण दाबून पुढची आणायची.

पण खरी गंमत गप्पांमध्ये आहे. हबेन गिर्मा या बधिरांध वकील, २०१३ मध्ये हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली, त्या समोरच्याच्या हातात साधा कीबोर्ड देतात, तो टाइप करतो ते त्यांच्या डिस्प्लेवर उमटतं आणि त्या तोंडाने उत्तर देतात. समोरच्याला ब्रेल यायची गरजच नाही! वर्गातल्या मित्रालाही हे पाच मिनिटांत जमेल.

अर्थात ज्या मुलाकडे अजून भाषाच नाही त्याला डिस्प्ले देऊन उपयोग नाही. त्याची सुरुवात वस्तूंपासून होते, हातात चमचा दिला म्हणजे आता जेवण, टॉवेलचा तुकडा दिला म्हणजे आंघोळ, आणि या वस्तू दिवसाच्या क्रमाने खोक्यात मांडल्या की त्याला पुढे काय होणार ते कळतं. हे मला कुठल्याही मशीनइतकंच मोठं तंत्र वाटतं. मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून अशा मुलांना शिकवतंय.

आणि अशा मुलाशी बोलायला बसलात तर आधी हाताच्या पाठीवर हलकेच स्पर्श करून आपण कोण ते सांगा, टाइप केल्यावर बोटं ओळीच्या शेवटापर्यंत जाईस्तोवर थांबा, आणि उठताना ‘मी निघतोय’ हेही टाइप करा, नाहीतर ते पोर बराच वेळ रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतं.