तारेपलीकडचे दुकान : आमिश भागातील जनरल स्टोअरची पार्श्वभूमी

अमेरिकेतील ओहायो राज्यात वेन काउंटीमध्ये किडरन नावाचे छोटे गाव आहे. तेथे १९५५ साली जे लेहमन या मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या गृहस्थांनी हार्डवेअरचे एक दुकान विकत घेतले. त्या काळात अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत वीज पोहोचली होती आणि कारखाने हाताने चालणाऱ्या वस्तूंचे उत्पादन एकेक करून बंद करत होते. लेहमन यांची चिंता वेगळीच होती. कंदील, चुली, हातजाती आणि हाताने फिरवायची यंत्रे बाजारातून नाहीशी झाली, तर आजूबाजूच्या आमिश शेजाऱ्यांना, म्हणजे मोटार आणि तारेची वीज नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना, आपली राहणी टिकवता येणार नाही, असे त्यांना वाटत होते. आज पर्यटक ज्याला ‘जुन्या काळातले दुकान’ म्हणून पाहायला जातात, ते अशा नेमक्या गरजेतून उभे राहिले आहे.

ही गरज समजून घ्यायची तर मागे जावे लागते. १५२५ साली झुरिचमध्ये अॅनाबाप्टिस्ट चळवळ सुरू झाली. बाप्तिस्मा अर्भकाला नव्हे, तर समजून-उमजून श्रद्धा स्वीकारणाऱ्या प्रौढालाच द्यावा, असे तिचे म्हणणे होते आणि त्यापायी तिच्या अनुयायांचा अतोनात छळ झाला. १६९३ साली याकोब अम्मान यांनी शिस्तीच्या प्रश्नावरून वेगळी वाट धरली. त्यांच्या अनुयायांना त्यांच्याच नावावरून आमिश हे नाव मिळाले. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात आणि १८०९च्या सुमारास ओहायोतील होम्स काउंटीच्या परिसरात येऊन स्थिरावले.

त्या काळी जनरल स्टोअर ही काही आमिश लोकांची खासियत नव्हती. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या बहुतेक खेड्यांत असे एखादे दुकान असे. पिठापासून खिळ्यांपर्यंत सर्व काही एकाच छताखाली मिळे, उधारी वहीवर चाले आणि बऱ्याचदा टपालही तेथेच येई. पुढे माँटगोमेरी वॉर्ड आणि सीअर्स यांच्या कॅटलॉगमधून घरबसल्या खरेदी करता येऊ लागली, १९१३ साली पार्सल पोस्ट सुरू झाले आणि त्यानंतर मोटारीने शेतकऱ्याला थेट शहराच्या बाजारपेठेत नेऊन सोडले. खेड्यातले दुकान मोडकळीला आले ते मुख्यतः या मोटारीमुळे. आमिश कुटुंबांनी मात्र स्वतःची मोटार बाळगण्याचे नाकारले. घोडा बग्गी घेऊन तासाला जेमतेम १० ते १५ किलोमीटर जातो आणि त्याला परतही यायचे असते. त्यामुळे त्यांच्यासाठी दुकान जवळ असणे ही रोजच्या जगण्याची अट राहिली. अशा दुकानाबाहेर घोडे बांधण्यासाठी जो आडवा दांडा दिसतो, त्याचा वापर आजही रोज होतो.

दुसरा निर्णय विजेचा. १९२०च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या आमिश मंडळींनी (म्हणजे स्थानिक चर्च-समुदायांनी) सार्वजनिक तारेवरून घरात वीज घेण्यास मनाई केली आणि इतरत्रही हीच दिशा रूढ झाली. या मनाईचा अर्थ वीज हेच पाप आहे, असा नाही. बॅटरी पुष्कळ ठिकाणी चालते. तारेने घर बाहेरच्या जगाशी कायमचे जोडले जाते आणि तिच्यामागून येणाऱ्या गोष्टींवर मंडळीचा ताबा राहत नाही, हे त्यामागचे कारण आहे. सरकारने १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणाची मोहीम हाती घेतली आणि शेजारची शेतघरे उजळू लागली, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसण्याइतका ठळक झाला.

काय चालते आणि काय चालत नाही, हे ‘ओर्डनुंग’ ठरवते. ही सहसा अलिखित असलेली नियमावली प्रत्येक मंडळीची वेगळी असते. त्यामुळे दुकानदाराला गिऱ्हाईक कोणत्या मंडळीचे आहे, हे ओळखावे लागते. दिव्यांच्या फळीवर हे स्पष्ट दिसते. अत्यंत कर्मठ स्वार्ट्झेनट्रुबर गटाच्या घरात साध्या वातीचा रॉकेलचा कंदील जातो, तर इतर अनेक घरांत मँटलचा दिवा जातो. मँटल म्हणजे रेशमासारखी मऊ जाळी. पहिल्यांदा पेटवली की तिचे कापड जळून जाते आणि मागे राहिलेला राखेचा ठिसूळ सांगाडा शुभ्र प्रकाश देतो. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवलेल्या गॅसबत्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या बत्त्यांचा सूं-सूं आवाज लगेच आठवेल.

कपडे धुण्याच्या यंत्राची कहाणी मला यात सर्वांत बोलकी वाटते. मेटॅग कंपनीचे गोल टाकीचे यंत्र, वर दोन रबरी रूळ, त्यांतून कपडे सरकवले की पाणी पिळून निघते. वीज नसलेल्या शेतघरांसाठी कंपनी पूर्वी ते छोट्या पेट्रोल इंजिनासह विकत असे. १९८३ साली या रूळवाल्या यंत्रांचे उत्पादन थांबले, पण आमिश घरांतील सोमवारची धुलाई थांबली नाही. जुनी यंत्रे शोधून, दुरुस्त करून, त्यांना नवे इंजिन किंवा दाबाच्या हवेवर चालणारी मोटर जोडून विकणे हा एक व्यवसायच होऊन बसला. तारेची वीज नाकारणाऱ्या कारखान्यांत डिझेल इंजिनाने हवा दाबून तिच्यावर यंत्रे चालवण्याची पद्धतही अशीच रुजली.

लेहमन यांच्या दुकानाला बाहेरचे गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणात मिळाले ते १९७०च्या दशकातील तेलटंचाईत, जेव्हा लाकडावर चालणाऱ्या शेगड्यांना अचानक मागणी आली. १९९९ साली, २००० साल लागताच संगणक बंद पडतील या भीतीने, कंदील आणि हातजाती यांच्यासाठी पुन्हा तशीच झुंबड उडाली. दूरदेशी मिशनरी आणि तारेपासून लांब जंगलात राहणारे लोकही येथूनच वस्तू मागवतात.

याच दशकांत खुद्द आमिश मालकांची दुकानेही वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी पाच हजारांच्या आसपास असलेली आमिश लोकसंख्या आता चार लाखांवर गेली आहे. जमीन महागली, प्रत्येक मुलाला शेत देणे अशक्य झाले आणि घराला लागूनच सुतारकाम किंवा दुकान थाटणे हा मार्ग उरला. या दुकानांत ओट्स, पीठ, शेवया, मसाले घाऊक पोत्यांतून काढून पारदर्शक पिशव्यांत भरून ठेवलेले असतात. शेजारी एकरंगी कापडाचे तागे, काळ्या टोप्या आणि बायकांच्या पोशाखाला लागणाऱ्या टाचण्यांच्या डब्या असतात. उजेड येतो तो छपरात बसवलेल्या काचेतून, आणि ढगाळ दुपारी मालक गॅसचा दिवा लावतो. रविवारी दुकान बंद असते.