शार्कदंत जीवाश्म, किनाऱ्यावरील

किनाऱ्यालगतच्या गाळखडकांतून किंवा उथळ समुद्रतळातून लाटांनी सुटे केलेले शार्क माशांचे शिळारूप दात पुळणीवर वेचले जातात. वादळी हवामानात आणि विशेषतः वादळ ओसरल्यानंतरच्या पहिल्या ओहोटीला ते अधिक मिळतात, असा संग्राहकांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा असल्याने क्वचितच टिकतो. दात मात्र दंतिनाचे (हाडासारख्या कठीण ऊतीचे) असून त्यांवर फ्ल्युओरॲपेटाइट या ॲपेटाइट गटातील फॉस्फेट खनिजाने युक्त कठीण आवरण असते. ते आयुष्यभर गळत राहतात व मागील ओळींतील दात त्यांची जागा घेतात. एका शार्कचे असे हजारो दात गळत असल्याने त्यांची विपुलता सहज समजते. जीवाश्माचा काळा, करडा किंवा तपकिरी रंग ज्या गाळात तो पुरला गेला त्यातील खनिजांवर अवलंबून असतो. अधिक काळा दात अधिक जुना, ही समजूत निराधार आहे.

या वस्तूंच्या स्वरूपाविषयीचा वाद दीर्घकाळ चालला. त्यांना ‘ग्लॉसोपेट्री’ (जिभेसारखे दगड) म्हणत. रोमन लेखक प्लिनी याने ते चंद्रग्रहणाच्या (काहींच्या मते कृष्णपक्षाच्या) काळात आकाशातून पडतात, अशी समजूत नोंदविली आहे. माल्टा बेटावर त्यांचा संबंध संत पॉल यांच्या सर्पदंशाच्या कथेशी जोडला गेला आणि विषावरील उतारा म्हणून त्यांना मागणी आली. शार्कच्या दातांशी असलेले साम्य १६व्या शतकाच्या मध्यास फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रोंदले याच्या लक्षात आले होते, तर इटालियन निसर्गशास्त्रज्ञ फाबिओ कोलोन्ना याने १६१६ मध्ये ते दातच असल्याचे स्पष्टपणे मांडले. तरीही या शोधाचे श्रेय सामान्यतः डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस स्टेनो याला दिले जाते. १६६६ मध्ये इटलीतील लिव्होर्नोजवळ पकडलेल्या प्रचंड शार्कच्या डोक्याचे त्याने विच्छेदन केले व पुढील वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या लेखनात त्याने हे मत बरेचसे अनुमानाच्या स्वरूपात ठेवले होते. त्यामुळे कोलोन्नाला अग्रक्रम देणे अधिक न्याय्य ठरते. स्टेनोचे वेगळेपण, दात खडकात कसा अडकला या प्रश्नाकडे तो वळला आणि त्यातून १६६९ मध्ये त्याने स्तरांच्या क्रमाची तत्त्वे मांडली, यात आहे.

वादळाचे कार्य दुहेरी असते. मोठ्या लाटा कड्याचा पायथा पोखरतात आणि नवा खडक उघडा पाडतात. त्याच वेळी पुळणीवरील हलकी, बारीक वाळू समुद्राकडे ओढली जाऊन शंखशिंपल्यांचा भरड थर मागे उरतो. वाळूतील क्वार्ट्‌झची घनता सुमारे २.६५, तर दातातील ॲपेटाइटची ३.१ ते ३.२ ग्रॅ./घ. सेंमी. असल्याने दात या भरड थरात साचतात. तेथे दाताचे ओले, तकतकीत पाते शिंपल्यांच्या निस्तेज तुकड्यांतून वेगळे चमकते. त्याचे मूळ मात्र खरबरीत व निस्तेज असते.

मात्र हीच क्रिया दाताचा मूळ स्तर पुसून टाकते. इंग्लंडमधील वॉल्टन-ऑन-द-नेझ येथे खाली असलेल्या, इओसीन काळातील (सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या) ‘लंडन क्ले’ या मातीच्या थरातील दात आणि त्यावरील, बऱ्याच नंतरच्या ‘रेड क्रॅग’ या वाळूच्या थरातील दात एकाच पुळणीवर मिसळतात. रेड क्रॅगमधील काही दात तर मुळातच जुन्या थरांतून धुऊन आलेले आहेत, म्हणजे त्यांचे स्थलांतर दोनदा झालेले असते. झिजलेल्या कडा, बोथट झालेले दंतुर काठ व खड्डे पडलेले मूळ यांवरून असा पुनःस्थापित दात ओळखता येतो. पण ताज्या वाटणाऱ्या दाताचा थर केवळ त्याच्या रूपावरून ठरविणे धोक्याचे आहे. मेगॅलोडॉन या महाकाय शार्कचे दात सुमारे १८ सेंमी.पर्यंत लांब आढळतात. त्याच्या लोपाचा काळ काही अभ्यासक सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीचा मानतात, तर अलीकडील पुनर्विचारात तो सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचा धरला आहे. संशयास्पद व पुनःस्थापित नमुने वगळण्याचा कटाक्ष दुसऱ्या मतात अधिक दिसत असल्याने ते ग्राह्य वाटते. या शार्कच्या प्रजातीविषयी (कार्कॅरोडॉन, कार्कॅरोक्लीस की ओटोडस) मतभेद असले, तरी सध्या ‘ओटोडस’कडे कल आहे.

अमेरिकेतील मेरिलंड राज्यातील कॅल्व्हर्ट कड्यांमधून मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) दात पुळणीवर येतात. फ्लॉरिडातील व्हेनिस येथे त्यांचा उगम कड्यात नसून मुख्यतः किनाऱ्यापुढील समुद्रतळात आहे, म्हणून तेथील वादळाचा परिणाम वेगळ्या वाटेने होतो. फ्लॉरिडात पृष्ठवंशी जीवाश्म गोळा करण्यास परवाना लागतो; शार्कदात त्यास अपवाद आहेत. कॅल्व्हर्ट क्लिफ्स राज्य उद्यानात कड्यांखाली वावरण्यास व ते खणण्यास मनाई आहे, कारण पावसाने भिजलेला कडा वादळ संपल्यानंतरही पूर्वसूचनेशिवाय ढासळतो.