निविदेतली मजुरी : वाढीचा बोजा कोणावर?

सरकारी कामावरच्या मजुराला त्या भागात चालू असलेल्या दरानं पैसे मिळावेत, ही अट जुनी आहे. ब्रिटिश पार्लमेंटचा ठराव 1891 चा, अमेरिकेचा कायदा 1931 चा. याच विषयावरचा 1949 चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं स्वीकारलेला नाही. आपल्याकडे ठेक्याच्या शर्तींत ‘रास्त वेतन’ आलं, पण 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे तो लागू असलेल्या कामांच्या यादीत, रस्ते आणि इमारत बांधकाम होतंच. त्यामुळं किमान वेतन भरलं की रास्त वेतन दिलं, असंच धरलं जाऊ लागलं. सांगलीकडच्या विटा गावात गवंडी हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती घेतो, याच्याशी निविदेचा संबंध उरला नाही.

तासगाव तालुक्यात 1965 मध्ये रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. तिथं ठेकेदार नव्हता, मजुरी केलेल्या कामाच्या मापावर होती. वाद तिथंही झाले, पण ते वेगळे.

ठेक्याच्या कामांत खरा बदल 1982 च्या एशियाड मजुरांच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या, निकालानं झाला. किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारी, आणि माणसं ठेकेदाराची असली तरी सरकारला हात झटकता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं.

मग पुढचा प्रश्न आला. निविदा भरल्यानंतर किमान वेतन वाढलं, तर वाढीव पैसे कोणी द्यायचे? मध्य प्रदेश शासनाच्या एका कामात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1994 मध्ये कौल ठेकेदाराच्या बाजूनं लागला. किमान वेतन देण्याची सक्ती शासनाचीच, ठेकेदारानं दर भरला तो त्या वेळच्या वेतनावर. मग वाढ शासनानं सोसावी. तर्क सरळ आहे. पण निकाल त्या करारातल्या शर्तींवर उभा होता, आणि शर्ती लिहिणारा हात खात्याचाच असतो. मजुरीवाढीपोटी जादा रक्कम मिळणार नाही, अशी ओळ अनेक निविदांत असते. भाववाढीचं कलम असलं तरी त्यातला मजुरीचा हिस्सा ग्राहक किंमत निर्देशांकावर फिरतो, किमान वेतनाच्या अधिसूचनेवर नाही.

राज्यात किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईपोटीचा भाग, जानेवारी आणि जुलैत बदलतो. टेंभू उपसा सिंचन योजनेला 1996 मध्ये मंजुरी मिळाली आणि तिचं काम अजून विस्तारतंय. अशा लांबलेल्या कामांत हा फरक किरकोळ राहत नाही.

त्यात ‘बिलो’ची, म्हणजे अंदाजपत्रकी दरापेक्षा कमी दरानं निविदा भरण्याची, शर्यत. काँक्रीटच्या घनमीटरच्या दरात सिमेंट, खडी, वाळू, डिझेल आणि मजुरी एकत्र असते. वीस टक्के बिलो गेलेल्या ठेकेदाराला सिमेंट कोणी वीस टक्के स्वस्त देत नाही. मग कात्री लागते ती हजेरीला. जादा अनामत घेऊन शासनानं बिलोला लगाम घालून पाहिला. पण अनामत कामाच्या दर्जाची हमी मानली जाते, मजुरीची नाही. मस्टरवरचा, म्हणजे हजेरीपटावरचा, आकडा बरोबर असला की बिल निघतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आणि 1948 चा कायदा गेला. त्याच दिवशी लागू झालेल्या दुसऱ्या संहितेनुसार कंत्राटी कामगारांच्या तरतुदी आता 50 माणसांपासून पुढं लागतात. पूर्वी मूळ कायद्यात ही मर्यादा 20 होती, राज्यानं ती आधीच वाढवली होती. जतकडच्या रस्त्यावर पंधरा-वीस जणांची टोळी काम करते, तिचा मुकादम या मर्यादेत येतच नाही.