खुलासा : तारीख चुकली म्हणजे घराचा व्यवहार मोडला, असं नव्हे

इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्या आपल्या लोकांत एक समज पक्का बसलाय: ठरल्या दिवशी पैसे पोचले नाहीत की करार संपला, १० टक्के विसार बुडाला. हे चूक आहे. या भीतीपोटी कुणी हक्काच्या घरावर पाणी सोडू नये, म्हणून हे लिहितोय.

तिथे घरविक्रीच्या करारांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'स्टँडर्ड कंडिशन्स ऑफ सेल' या ठरावीक छापील अटींनुसार तारीख उलटल्यावर विक्रेत्याला आधी 'नोटीस टू कम्प्लीट', म्हणजे 'व्यवहार पुरा करा' अशी नोटीस, द्यावी लागते, तीही तो स्वतः व्यवहार पुरा करायला तयार असेल तरच. नोटिशीचा दिवस सोडून कामाचे १० दिवस मिळतात. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. ते सरले की मात्र करार रद्द होऊ शकतो, विसारही जातो. त्याआधीच घाई करून घर तिसऱ्याला विकलं, तर करारभंग विक्रेत्याचाच. (ठरलेली तारीख पाळलीच पाहिजे, असं खास कलम करारात घातलं असेल तर गोष्ट वेगळी.)

उशीर फुकट मात्र नसतो. 'रेनेरी विरुद्ध माइल्स' खटल्यात १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं, की करार टिकला तरी उशिराची नुकसानभरपाई द्यावी लागते.