डिझाइन संशोधनातील सहभागींची निवड व छाननी

एखादी वस्तू, सेवा किंवा संगणकीय प्रणाली घडवताना तिच्या वापरकर्त्यांच्या मुलाखती, निरीक्षणे व चाचण्या घेतल्या जातात. त्यांसाठी योग्य माणसे शोधून त्यांची पात्रता पडताळण्याच्या कामास सहभागींची निवड व छाननी म्हणतात. निष्कर्ष कोणाच्या अनुभवावर उभे राहणार, हे याच टप्प्यावर ठरत असल्यामुळे येथे राहिलेली उणीव पुढे कितीही कसबी मुलाखतकार असला तरी भरून निघत नाही.

वय, लिंग, उत्पन्न हे निकष हाताशी असतात म्हणून लावले जातात. पण बहुतेक अभ्यासांत माणूस काय करतो हे त्यांहून अधिक महत्त्वाचे असते. औषधांची आठवण करून देणाऱ्या ॲपचा अभ्यास असेल, तर केवळ साठीपुढील माणसे गोळा करून भागत नाही. रोज अनेक औषधे घेणारे, त्यांतली एखादी वेळ चुकवणारे आणि दुसऱ्या कोणासाठी औषधे लावून ठेवणारे लोक हवे असतात. हे शेवटचे लोक तिशीतलेही असू शकतात.

छाननीचे मुख्य साधन म्हणजे छोटी पात्रता-प्रश्नावली, अर्थात स्क्रीनर. तिची खरी कसोटी अशी की, अपेक्षित उत्तर कोणते याचा उत्तर देणाऱ्याला सुगावा लागू नये. ‘तुम्ही औषधांसाठी ॲप वापरता का?’ असे विचारले की मानधनाच्या आशेने ‘हो’ म्हणणे सोपे जाते. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात पुढीलपैकी कोणत्या कामांसाठी फोन वापरला?’ असे विचारून औषधांचा पर्याय इतर पाच-सहा पर्यायांत मिसळून ठेवतात. ‘साधारणतः’, ‘नेहमी’ असे सैल शब्द टाळून ठरावीक काळातील प्रत्यक्ष कृती विचारणे श्रेयस्कर. अपात्र ठरवणारे प्रश्न आधी घेतल्यास कोणाचा वेळ वाया जात नाही. शेवटी एक मुक्तोत्तरी प्रश्न ठेवला, तर सहभागी मोकळेपणाने बोलतो की नाही हे कळते आणि मानधनासाठी वारंवार अभ्यासांत भाग घेणारे सराईत सहभागीही बऱ्याचदा तेथेच उघडे पडतात.

माणसे ग्राहकयादीतून, निवडसंस्थांमार्फत, प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी किंवा एका सहभागीने दुसऱ्याचे नाव सुचवण्याच्या साखळी पद्धतीने मिळतात. साखळीने दुर्मीळ गट गाठता येतात, मात्र एकाच वर्तुळातली माणसे जमा होण्याचा धोका राहतो. ग्राहकयादीत सेवा सोडून गेलेले लोक बहुधा नसतात, आणि अनेकदा त्यांचेच म्हणणे ऐकण्याजोगे असते. सहकारी व ओळखीपाळखीचे लोक सोयीचे खरे, पण ते तोंडावर टीका करत नाहीत.

सहभागींच्या संख्येबाबत वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन व टॉमस लँडॉअर यांचे १९९३ मधील गणिती प्रतिमान वारंवार उद्धृत होते. एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो असे धरल्यास पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. हे गणित वापरसुलभतेच्या चाचणीत दोष शोधण्यापुरते असून त्यावरून कोणत्याही अभ्यासाला पाच माणसे पुरतात असे म्हणणे गैर आहे. भिन्न सवयींचे गट असल्यास प्रत्येक गटाचा वेगळा विचार करावा लागतो, आणि प्रमाण मोजायचे असल्यास कितीतरी मोठा नमुना लागतो.

येण्याचे कबूल करूनही न येणारे काही जण असतातच, म्हणून एखाददुसरा राखीव सहभागी ठेवतात. मानधन वेळेचा मोबदला म्हणून द्यावे. ते उत्तरांवर किंवा सत्र पूर्ण करण्यावर अवलंबून नसावे. ध्वनिमुद्रणासह सर्व बाबींची माहितीपूर्ण संमती घेतली जाते, तर अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांचीही घ्यावी लागते. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या माहितीसंरक्षण नियमांनुसार कामापुरतीच वैयक्तिक माहिती गोळा करता येते. छाननीत गळालेल्या लोकांनीही प्रश्नावलीत आपले आजार, उत्पन्न किंवा संपर्क नोंदवलेले असतात. ती माहितीही काम संपताच नष्ट करणे अपेक्षित असते.