धरण पाझरतंय? आधी पाण्याचा रंग बघा

पावसाळ्यात मातीच्या धरणाच्या पायथ्याशी ओल दिसली, की मोबाइलवर 'धरण फुटणार'चे मेसेज फिरू लागतात. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून पाणी घरांत शिरलेलं पाहिलेले नागपूरकर घाबरणारच. पण मातीचं धरण पाझरतंच. पाझरावं असंच ते बांधलेलं असतं.

पेंच नदीचं पाणी तोतलाडोह धरणाच्या वीजघरात 80-80 मेगावॉटचे दोन संच फिरवून नवेगाव खैरीच्या जलाशयात येतं आणि तिथून नागपूरच्या नळांना. नवेगाव खैरीचं धरण मातीचं. टिहरीचं 260.5 मीटर उंच धरणही माती-दगडांच्या भरावाचंच, आणि त्यावर 1000 मेगावॉटचं वीजघर चालतं.

अशा भरावाच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो. तो पाणी पूर्ण अडवत नाही, फार हळू जाऊ देतो. खरा धोका पाणी बाहेर पडतं तिथे. तिथला दाब जास्त असेल तर मातीचे कण सुटतात, पोकळी होते. आता पाण्याची वाट तेवढी आखूड झाली, म्हणजे दर मीटरला दाबाचा उतार वाढला, म्हणजे आणखी कण सुटणार. पोकळी अशी मागे मागे, जलाशयाकडे सरकते आणि जसजशी सरकते तसतशी वेग घेते.

यावरचा तोडगा मला सगळ्या धरणशास्त्रात जास्त आवडतो: गाभ्यामागे निवडक वाळूचा थर. मृदा-यांत्रिकीचे जनक मानले जाणारे अभियंते कार्ल टेर्झागी यांचा नियम असा: वाळूतले 15 टक्के कण ज्या मापाहून बारीक, ते माप मातीतले 85 टक्के कण ज्या मापाहून बारीक, त्याच्या चार-पाच पटींच्या आत हवं. मग मातीचे जाडे कण वाळूच्या फटींत अडकतात, त्यांच्यामागे बारीक अडकतात. पाणी तेवढं निसटतं. वाळू फार बारीक घेतली तर पाणीच तुंबेल, म्हणून खालचीही मर्यादा आहे. (धरण टिकायला नरबळी लागतो, हे अजूनही कुजबुजणाऱ्यांनी वाळूच्या चाळण्या मोजाव्यात.)

म्हणून पाझर नितळ आणि मोजमापात स्थिर असेल तर धरण आपलं काम करतंय. गढूळ असेल, किंवा जलाशयाची पातळी तीच असताना वाढत असेल, तर ताबडतोब कळवा. अमेरिकेतलं टीटन धरण पहिल्यांदाच भरत होतं. 5 जून 1976 च्या सकाळी तिथे गढूळ पाणी वाहताना दिसलं. दुपारी बाराच्या आत धरण फुटलं होतं.